दाजींच्या तीन नळ्या

दाजी, तुमच्या मातीला लोक तुमच्याविषयी इतकं गोड बोलत होते की मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या मयताला आलो. एक म्हणाला, "लय हसतमुख माणूस." दुसरा म्हणाला, "लय बोलका." मी मान वर करून नीट बघितलं. तुम्हीच होता. दोन जिल्ह्यांत थापा मारायचा मान माझा, हे सगळ्यांना ठाऊक असताना त्या दिवशी गावानं मला सरळ सरळ मागं टाकलं. मला रडू आलं ते निम्मं तुमच्यासाठी आणि निम्मं या अपमानासाठी.

तुम्ही कुठले बोलके! लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात वेल्डिंग करून हवालदार म्हणून परत आलात, ते तोंडाला पण वेल्डिंग करूनच. वर्षाकाठी जेवढे शब्द बोलायचा त्यातले निम्मे म्हणजे "हणमंता, ग्राइंडर बंद कर." मी तुमचा मेव्हणा. आक्काच्या लग्नात मी तुमचा कान पिळायला गेलो आणि तुम्ही नुसतं बघितलंत, तेव्हाच मला कळलं, या माणसासंगट आपलं जमणार. बोलायची सगळी जागा मोकळीच होती.

विट्याच्या रस्त्याला आपली शेड. तुम्ही जोडायचं, मी पुसायचं. नव्या माणसाला मी असं समजावून सांगायचो: इंजिनाला चार तोंडं असतात, चारी तोंडांतनं जळका धूर भडाभडा बाहेर पडतो. तो चार वेगळ्या नळ्यांतनं वळवून आणून एका नळीत सोडायचा, याला म्हणतात हेडर. कंपनीचा हेडर म्हणजे सरकारी बोळ, धूर एकमेकाला धक्के मारत जातो. आमच्या दाजींचा हेडर म्हणजे वरातीची वाट! धूर नाचत जातो! यावर तुम्ही मास्कच्या आतून म्हणायचा, "थोडं घास."

हे तुमचं माझ्यासाठी ठरलेलं वाक्य. मी कुठलीही गोष्ट सांगितली की तुम्ही मान वर न करता "थोडं घास" म्हणायचा. म्हणजे गोष्टीवर जास्तीचा धातू चढलाय, जरा खाली आण. शिराळ्याच्या त्या जीपची गोष्ट आठवते? पंचमीच्या सकाळी आपला हेडर बसवलेली जीप तिथं चालू झाली आणि सगळ्या शिवारातल्या नागांनी बिळातनं फणे काढून एकमेकांना विचारलं, ही पुंगी कुठल्या गारुड्याची? "थोडं घास." बरं, सगळे नाही, एका नागानं विचारलं. "आणि घास." बरं, नाग नव्हता, धामण होती. "आता ऱ्हाऊ दे," म्हणालात, आणि खालच्या ओठात हसलात. तुमचं ते हसू वसूल करायला मला दरवेळी एवढी मजुरी पडायची.

त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन आलो, तर तुम्ही स्टुलावर बसलेले, मास्क खाली, हातात वेल्डिंगचा टॉर्च, समोर जीपच्या शर्यतीत उतरणाऱ्या मेढ्याच्या शुभांगीचा हेडर. आर्गन गॅसचा सूं सूं आवाज चालू. मी म्हटलं, दाजी जोड निरखतायत. मी आपली गोष्ट सुरू केली. फलटणच्या एका नवरदेवानं मी पॉलिश केलेल्या नळीत बघून दाढी केली आणि नवरीनं नळीतला नवरा पसंत करून बाहेरचा नाकारला, अशी लांबलचक. सगळी सांगितली. शेवटही सांगितला. मग वाट बघितली. तुम्ही "थोडं घास" म्हणाला नाहीत.

तेवढ्यावरनं मला कळलं. दवाखान्यात डॉक्टरनं नंतर सांगितलं ते नुसतं शिक्कामोर्तब.

दाजी, ती गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ती न घासलेलीच राहिली.

*

आपला वाद मात्र तुम्ही अर्धवट टाकून गेलात, हे बरं केलं नाही.

वाद काय, तर तुमचं म्हणणं, जोड दिसला पाहिजे. तुमची जोडाची माळ म्हणजे माशाचे खवले एकावर एक झोपवल्यासारखी, सारखी, चकचकीत. तुमचं म्हणणं, "जोड हाय तर हाय. लपवायला आपण काय चोरी केली?" माझं म्हणणं, गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की ही नळी अशीच वाकडी जन्माला आली. तुम्ही जोडून हेडर माझ्या बाकावर ठेवायचा आणि मी ग्राइंडर घेऊन तुमच्या माळेवर तुटून पडायचो. आधी जाड चाक, मग बारीक, मग पेपर, मग कापडी चाकावर मेण. शेवटी नखानं खरवडलं तरी जोड कुठं होता ते कळायचं नाही. कोंबडा समोर आला तर आतल्या कोंबड्याशी भांडून मरायचा. (हो, घासतो. कोंबडा मेला नाही. नाराज झाला.)

आणि गिऱ्हाइकं माझ्या बाजूची! जो यायचा तो म्हणायचा, "आरसा करून द्या." तुम्ही मान हलवायचा. वाद दरवेळी मीच जिंकायचो.

दुसरा वाद आतला. जोडायच्या आधी तुम्ही नळीची दोन्ही तोंडं बोळे कोंबून बंद करायचा, बारीक नळीनं आत आर्गन सोडायचा, आतली हवा हाकलून द्यायचा आणि मगच बाहेरून टॉर्च लावायचा. तसं केलं नाही तर बाहेर जोड कितीही देखणा दिसू दे, आतून धातू करपतो, जळक्या साखरेसारखा खडबडीत होतो. हे मलाही ठाऊक. पण प्रत्येक जोडाला तुमचं हे सोवळं चालायचं, अगदी मधल्या वळणाला, जिथं डोळा जात नाही, बोट जात नाही, माझं सगळ्यांत बारीक चाकसुद्धा जात नाही. मी ओरडायचो, "आवं दाजी, आतनं कोण बघायला चाललंय? गॅस काय विहिरीतनं उपसताय?"

तुम्ही म्हणायचा, "धुराला लागतं."

बस. यापुढं खुलासा नाही. मी गावभर नक्कल करायचो तुमची. "धुराला लागतं!" जणू धूर तुमचा पाव्हणा, त्याला ठेच लागली तर बहिणीला काय तोंड दाखवायचं!

*

तुम्ही गेल्यावर आक्कानं शेडचं शटर ओढून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. आत तुमच्या बाकावर शुभांगीचा हेडर तसाच. तीन नळ्या तोंडापासून शेपटापर्यंत जोडून पुऱ्या. चौथी नुसती टाक्यांवर धरलेली. तिथंच तुमचा हात थांबला.

दिवसकार्य झाल्यावर मी आक्काला म्हटलं, "काम पुरं करून द्यावं लागंल. फलटणच्या माळावर जीपची चिखलातली शर्यत हाय, पोरगी वाट बघतीया."

आक्का म्हणाली, "ते मी देणार न्हाई."

"म्हणजे?"

"भितीला टांगणार. फोटूच्या शेजारी. त्यांच्या हातचं शेवटचं हाय त्ये." मग माझ्याकडं असं बघितलं की माझ्या मिशीला घाम फुटला. "आन तुला दिलं की तू घासणार. समदं पुसून टाकणार. एवढी वर्सं त्येच केलंस की."

दाजी, मी माणूस बडबड्या, पण त्या दिवशी बोलायचं सोडून मनात मोजायला लागलो. मेढ्यापासून खाली मिरजेपर्यंत, जिथं जिथं तुमचा हेडर लागलाय, तिथं तिथं तुमचा एकही जोड दिसत नाही. सगळे मी पुसले. मोठ्या हौसेनं, गाणी म्हणत. दुसऱ्या कारागिराचं काम मागं उरतं, भिंत उरते, नक्षी उरते. तुमचं उरलं होतं ते या तीन नळ्यांवर, आणि त्या कुलपाच्या आत होत्या. आक्काचं खोटं कुठं होतं?

पण खरं तरी पूर्ण कुठं होतं? चार दिवसांनी शुभांगी आली. तुम्ही तिला "पोरी" म्हणायचा आणि ती तुम्हाला न विचारता इंजिनाला पाना लावायची नाही. मिलिटरीतल्या बापानं ठेवलेली जुनी पेट्रोल जीप घेऊन ही पोरगी चिखलात अशी घुसते की म्हशी कडेला उभ्या राहून शिकतात. ती दारात चप्पल काढून बसली, आक्काचा हात हातात घेऊन. हेडरचा विषय काढेना. शेवटी मीच काढला.

ती म्हणाली, "काकू, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. माझा जुना हाय की. तोंडाशी तडकलाय, फाटफाट वाजतोय. काका, त्योच कुणाकडनं तरी जोडून आणा. न्हाईच टिकला तर औंदाची शर्यत सोडंन."

म्हणाली हसून, पण नजर कुलपावर. या शर्यतीसाठी तिनं वर्षभर सुटीचा एकही दिवस घरी घालवला नव्हता, हे मला माहीत, आक्कालाही माहीत. आक्कानं पदर ओढला, पण किल्ली काढली नाही.

तिनं जीपमधनं काढून दिलेला जुना हेडर म्हणजे आपलाच, काही वर्षांपूर्वीचा. वरचा माझा आरसा कधीच गेलेला, चिखल आणि धुरानं सगळी नळी बारा वाटांची माती खाऊन तपकिरी. बाहेर अंगणात बसून मी तो कापायला घेतला. तडा तोंडापाशी होता, पण वळणापर्यंत पसरलेला, तो आत कुठवर गेलाय ते बघायला मधल्या वळणाशी नळी उभी चिरली. दोन फाका झाल्या, भेंडी चिरावी तशा. आत काजळी. मी रॉकेलचा बोळा फिरवला.

दाजी, आत तुम्ही होता.

आतल्या बाजूनं जोडाची एक रेघ, गुळगुळीत, बारीक, सारख्या रुंदीची, शेवयाची ओली तार ताटावर पडावी तशी. एक फुगवटा नाही, एक करप नाही. माझं चाक जिथं पोचू शकलं नव्हतं, तिथं तुमची सगळी माळ जशीच्या तशी. इतकी वर्षं तिच्यावरनं आग वाहिली आणि तिनं कुठं हूं का चूं केलं नव्हतं.

आक्का भांडी सोडून उठून आली. फाक हातात घेतली. पदरानं पुसली, आणखी पुसली.

"हे भायेरनं दिसत व्हतं?"

"न्हाई."

"तुला दिसत व्हतं?"

"कुणालाच न्हाई. कापल्याबिगर दिसायचं न्हाई, आन कापतंय कोण?"

"मग केलं कशापायी असं?"

मी तोंड उघडलं. वाटलं, काहीतरी मोठं, डौलदार सांगावं, बहिणीच्या जिवाला बरं वाटेल असं. तोंडातून निघालं ते तुमचंच.

"धुराला लागतं, आक्का."

आक्का ती फाक घेऊन उन्हात उभी राहिली. अंगठा त्या रेघेवरनं मागं-पुढं फिरवत होती. शुभांगी मान खाली घालून चिखल खरवडत होती, डोळ्यांतलं पाणी लपवायला पोरीला दुसरं काम सापडलं नाही. मग आक्का म्हणाली,

"आन भितीवर टांगलं तर आतनं काय जाणार? पाली अंडी घालतील."

कमरेची किल्ली काढून तिनं माझ्या अंगावर फेकली. नेम चांगला होता, कपाळावर लागली.

*

चौथी नळी कोण जोडणार? दोन जिल्ह्यांत वेल्डर पोत्यानं आहेत. पण आक्का म्हणाली, "भायेरचा मानूस त्यांच्या स्टुलावर बसायचा न्हाई," आणि माझ्याकडं बघितलं. मी मागं वळून बघितलं. मागं शेळी होती.

तर दाजी, शेडचं शटर अर्धंच वर करून मी बसलो. तुमचा मास्क मला घट्ट होतो, डोकं तुमच्यापेक्षा मोठं, यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकू आलं. तोंडांत बोळे कोंबले. आत आर्गन सोडला. आणि थांबलो. तुम्ही थांबायचा तसाच, काही न करता, आतली हवा जायची वाट बघत. इतकी वर्षं मला ते तुमचं नुसतं बसणं वाटायचं. स्वतः बसल्यावर कळलं की त्या बसण्यात हात गार होतो, श्वास खाली येतो, आणि माझ्यासारख्याचं तोंडसुद्धा आपोआप मिटतं.

मग लावला टॉर्च. टॉर्चच्या टोकाची सुई दोनदा धातूला टेकली, ती घासून परत टोकदार केली. जोडात भरायची तार थेंबाथेंबानं सोडायची, ती माझी ढेकळांनी पडली. मास्क वर केला तर जोड असा, जसं शेळी नळीवरनं चालत गेली आणि मोकळी होत गेली. शुभांगी जवळ येऊन म्हणाली, "मजबूत दिसतोय, काका." यालाच संस्कार म्हणतात.

पण आत बॅटरी लावून बघितलं, जिथवर दिसलं तिथवर करपला नव्हता. वाकडा, पण स्वच्छ. सगळी नळी पाण्यात बुडवून वारा भरला, एक बुडबुडा नाही. दाजी, मी शेडमध्ये एकटाच नाचलो. म्हणजे एकटा नव्हतो, आक्का बघत होती, पण तिला मी हिशेबात धरत नाही.

आता घासायचं. माझा जोड मी आधी घासला, लाज झाकायला. मग ग्राइंडर तुमच्या तीन नळ्यांजवळ नेला आणि हात अडला. खवले उन्हात चमकत होते. बंद केला. परत चालू केला. परत बंद.

"काय झालं रं?" आक्का.

"ऱ्हाऊ दे की तसंच. पोरगी काय म्हणत न्हाई."

"तिनं आरसा मागितला व्हता का न्हाई, त्यांच्या देखत?"

"व्हय."

"आन त्यांनी व्हय म्हटलं व्हतं का न्हाई?"

"मान हलवली व्हती."

"मग त्यांचं व्हयच त्ये. घास." मग हळू आवाजात, "आतलं ऱ्हातंय की."

घासलं दाजी. जन्मात इतकं हळू घासलं नसेल. जोड घासायचा, नळी नाही घासायची, जरा जास्त गेलं की भिंत पातळ होते, हे मी दुसऱ्यांना ओरडून सांगायचो, त्या दिवशी हातानं ऐकलं. एकेक खवला जाताना मला तुमचा थेंब कुठं पडला, कुठं तुम्ही श्वास घेतलात, कुठं हात बदललात, सगळं दिसत होतं. इतकी वर्षं तुमच्या जोडावर एवढा वेळ डोळे लावून दुसरं कुणी बसलं नसेल, दाजी. तुमचं काम जगात सगळ्यांत जवळून कुणी बघितलं असेल तर पुसणाऱ्यानंच. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. बोलायचं सगळं मीच बोलायचो आणि नेमकं हेच राहिलं. जोड चांगला झालाय, एवढंसुद्धा.

एरवी गिऱ्हाईक हेडर घेऊन जायचं आणि आपापल्या गॅरेजात बसवायचं. परत आलाच तर चिखलानं माखून. नवा हेडर इंजिनावर तापताना आपण दोघांनी कधी बघितलाच नाही. या खेपेला शर्यत तोंडावर, म्हणून शुभांगीनं जीप शेडच्या सावलीत आणली आणि तिथंच पाना लावला. नट आवळले. बॉनेट उघडंच ठेवलं. आक्कानं इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, थोडं माझ्या कपाळालाही, किल्ली लागली होती तिथं.

चालू केली. आवाज काय सांगू! एकसंध, भरदार, मध्ये कुठं फट् नाही. धुराला कुठंही ठेच लागत नव्हती. मेढ्यात ऐकू गेला असता, असं मी म्हणणार नाही. रस्त्यापलीकडच्या वस्तीवर कुत्रं उठून बसलं, एवढं नक्की.

नळ्या तापल्या. माझ्या आरशावर आधी गव्हाळ रंग चढला. मग केशरी. मग इंजिनाच्या तोंडाशी जांभळा, मोरपिशी. आम्ही तिघंही बघत उभे. आणि त्या रंगात, जिथं मी नखालाही लागू नये इतकं पुसलं होतं तिथं, एकेक बारीक रेघ उमटायला लागली. जोडाचा धातू नळीच्या धातूसारखा रंगला नाही, जरासा फिका राहिला. एका वळणावर रेघ. दुसऱ्या वळणावर. तिन्ही नळ्यांवर तुमच्या रेघा, सरळ, बारीक, कड्यासारख्या गोल फिरलेल्या.

दाजी, मी थापाड्या आहे हे जगजाहीर, त्यामुळं हे कुणी खरं मानणार नाही. पण दोन बायका साक्षीला आहेत.

शुभांगीनं गाडीतनं मान बाहेर काढली. "काका, पॉलिश गेलं काय?"

मी नुसतं बोट दाखवलं. आक्कानं वाकून बघितलं. तुमच्या तिन्ही नळ्या बघितल्या, पदर तोंडाला लावला. मग चौथीकडं नजर गेली. तिथंही रेघ उठली होती, नागमोडी, कुठं जाड, कुठं गायब. पदर खाली आला.

"ही तुझी व्हय रं?"

"व्हय. पहिलीच हाय, आक्का."

ती इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "दुसरी सरळ कर."

आणि शेडचं उरलेलं अर्धं शटर तिनं दोन्ही हातांनी वर ढकललं.